पाच फूट एक इंच आणि १९१ किलोची क्रूझर

पत्राचा गोषवारा: कराडजवळच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ४६, उंची पाच फूट एक इंच. वीस वर्षं स्कूटर चालवतात, सध्या ॲक्टिव्हा आहे. घरात यजमानांची स्प्लेंडर आहे, पण ती त्यांनी फारशी हाताळलेली नाही. लहानपणी वडिलांची बुलेट होती. तिची किक उलटी बसायची म्हणून मुलींना तिच्याजवळ फिरकू देत नसत. मुलगी आता पुण्याला शिकायला गेली, हाताशी थोडे पैसे आहेत आणि जुन्या वळणाची क्रूझर, म्हणजे खाली सीट असलेली आणि पाय पुढे ठेवून बसायची मोटरसायकल, घ्यायची मनापासून इच्छा आहे. रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५० मनात भरली आहे. त्या लिहितात, "माझी उंची कमी, त्यामुळे क्रूझरच बरी. सीट खाली असते आणि गाडी आरामाची." यजमान म्हणतात, "आडवी झाली तर तुला उचलणार नाही." भाचा म्हणतो, "३५० सीसीला वीस बीएचपी म्हणजे काहीच नाही. दोघं बसून घाट चढणार नाही, घ्यायचीच तर ६५० घे." त्यांना यजमानांना मागे बसवून कुंभार्ली घाटातून चिपळूणला माहेरी जायचं आहे. यजमानांना कंबरेचा जुना त्रास आहे. त्यांचे प्रश्न तीन: गाडी मला झेपेल का, तिची ताकद पुरेल का, आणि या वयात हे करावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, करावं. वीस वर्षं तुम्ही त्या रस्त्यांवर गाडी चालवताय. एसटी कुठे अचानक थांबेल, कुत्रं कुठून आडवं येईल, वळणावर खडी सांडलेली असेल तर काय करायचं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. नव्याने शिकायचं आहे ते क्लच, गिअर आणि वजन. त्यातलं काहीही ४६व्या वर्षी शिकता येतं.

आता तुमचं ते वाक्य घेऊ, "माझी उंची कमी, त्यामुळे क्रूझरच बरी." घरातली सगळी चर्चा या वाक्याच्या पुढे सुरू झाली आहे. खुद्द ते कुणी तपासलेलं दिसत नाही. मीटिओर ३५० च्या सीटची उंची ७६५ मिलिमीटर आहे आणि तुमच्या ॲक्टिव्हाची ७६४. म्हणजे पाय टेकण्याच्या बाबतीत तुम्ही आज जिथे आहात जवळजवळ तिथेच राहणार. मीटिओरची सीट रुंद आहे, त्यामुळे दोन्ही चवडे नीट टेकतील, टाचा कदाचित अधांतरी राहतील. त्याची तुम्हाला सवय आहे. फरक पडतो तो वजनात. ॲक्टिव्हा १०६-१०७ किलोची आणि मीटिओर १९१ किलोची. चवड्यांवर उभं राहून तुम्ही आज जेवढं पेलता, त्यात साधारण ८५ किलोंची भर पडणार आहे.

सीट खाली म्हणजे गाडी सोपी, हा समज तुमच्यासारख्या पुष्कळ जणांच्या पत्रांत दिसतो. भाच्याने सुचवलेली सुपर मीटिओर ६५० बघा. तिची सीट ७४० मिलिमीटरवर, मीटिओरपेक्षाही खाली आहे. वजन मात्र २४१ किलो. शोरूममध्ये बसल्यावर दोन्ही पाय टेकतात, मन खूश होतं, आणि घराच्या फाटकातून गाडी मागे घ्यायची वेळ आली की ती तसूभर हलत नाही. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी सीटच्या आकड्याशेजारी वजनाचा आकडा लिहूनच गाड्यांची तुलना करावी.

म्हणून यजमानांचं बोलणं मी बाजूला सारणार नाही. त्यांची शंका योग्य जागी आहे. फक्त "उचलणार नाही" हे मला मान्य नाही, कारण आडवी गाडी हाताच्या जोराने उचलायचीच नसते. आधी किल स्विचने इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच डावीकडचं साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही. चाक फिरू नये म्हणून पहिला गिअर असू द्या. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला टेकून खुर्चीवर बसल्यासारखं बसा. एका हातात जमिनीकडची मूठ आणि दुसऱ्या हातात मागचा धरायचा दांडा. पाठ ताठ ठेवून, पायांनी रेटत, लहान लहान पावलं टाकत मागे सरका. गाडी वर येते. जोर मांड्यांचा लागतो, कंबरेचा नाही. पुढे लेगगार्ड बसवलेलं असेल तर गाडी पूर्ण आडवी पडतच नाही, आणि अर्धं काम तिथेच होतं. डावीकडे पडली तर स्टँड गाडीखाली अडकतं, तेव्हा वर आणताना शेवटच्या क्षणी जोर आवरायचा आणि मग पायाने स्टँड काढायचं. मऊ मातीच्या मैदानात, कुणाला तरी शेजारी उभं करून, हे एकदा करून बघा. यजमानांनाच उभं करा.

त्याहून महत्त्वाचं, गाडी आडवी होते कधी? धावताना फार क्वचित. होते ती माणसाच्या चालीच्या वेगात, म्हणजे फाटकाच्या उतारावर, अरुंद गल्लीत वळवून घेताना, कॉलेजच्या मुरमाड पार्किंगमध्ये. हँडल वळलेलं आहे आणि पुढचा ब्रेक दाबला गेला, की एवढी वजनदार गाडी त्या बाजूला कोसळते, आणि तिथे कुणाचीच ताकद चालत नाही. म्हणून सरपटत्या वेगात पुढच्या ब्रेकवर बोट नको. अर्धा क्लच धरायचा आणि पायाचा मागचा ब्रेक हलका दाबून गाडी आवरायची. मीटिओरच्या दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे. सरळ रस्त्यावर याच लांबीमुळे ती स्थिर वाटते, गल्लीत मात्र तीच आडवी येते. आणि गाडी कधीही उताराकडे तोंड करून लावू नका. बाहेर काढताना १९१ किलो चढावर मागे ओढावे लागतात, आणि ते तुम्हाला काय, तुमच्या भाच्यालाही एकट्याने जड जाईल.

भाच्याचा मुद्दा आता. त्याने सांगितलेला आकडा बरोबर आहे: ३४९ सीसीचं इंजिन, मिनिटाला ६१०० फेऱ्यांना २०.२ बीएचपी. ड्यूक २०० सारखी २०० सीसीची गाडी २५ पीएसच्या (हे माप बीएचपीच्या जवळपासच) आसपास ताकद देते. मग सीसी जास्त असून ताकद कमी कशी? कारण ड्यूकला ती ताकद १०,००० फेऱ्यांवर मिळते. तिचा टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, १९ न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही ८००० फेऱ्यांवर. मीटिओरचा टॉर्क २७ न्यूटन मीटर आणि तो ४००० फेऱ्यांवरच हाती येतो. गणित करून पाहिलं तर त्या ४००० फेऱ्यांवर तिच्या वीसपैकी पंधरा बीएचपी तुमच्या हाताशी आहेत. याचं मूळ इंजिनच्या बांधणीत आहे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची खालीवर धाव ८५.८ मिलिमीटर. लांब धावेचं इंजिन फार वेगाने फिरायला तयार नसतं, पण संथ फिरतानाच जोरात ढकलतं.

तुमच्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते सांगते. कुंभार्लीच्या वळणांवर गाडी ताशी २५ ते ४५च्या दरम्यान, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते. यजमान मागे आणि थोडं सामान असेल तर सगळं मिळून सव्वातीनशे किलो होतील. तेवढं ओझं घेऊन ही गाडी घाट चढते, इंजिन किंचाळवावं लागत नाही, वळणाआधी गिअर एक खाली आणला की पुरतं. घाटाची काळजी भाच्याने सोडून द्यावी.

काळजी करायचीच तर दुसऱ्या जागेची करा. गळिताच्या हंगामात तुमच्या भागात उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्हीकडे बाहेर आलेले, आणि अंधारात मागचा दिवा असेलच याची खात्री नाही. त्याला ओलांडायचं म्हणजे पन्नासवरून ऐंशीपर्यंत झटकन जायला हवं, आणि समोरून गाडी येत असते. मीटिओर इथे सावकाश आहे. पाचव्या गिअरमध्ये नुसता ॲक्सिलरेटर पिळला तर ती आपल्या चालीने वेग घेईल. आधी चौथ्यात आणा, गरज पडली तर तिसऱ्यात, आणि रस्ता लांबवर मोकळा दिसेपर्यंत थांबा. ज्यांचा रोजचा प्रवास अशा ओव्हरटेकिंगचा आहे आणि ज्यांना थांबायचा धीर नाही, त्यांनी ही गाडी घेऊ नये. तुम्ही वीस वर्षं ॲक्टिव्हावरून त्याच ट्रॅक्टरांच्या मागे शांतपणे गेला आहात, तुम्हाला जमेल.

महामार्गावर तिची खरी चाल ताशी ८० ते ९०. या वेगात इंजिन निवांत असतं आणि दिवसभर तसंच चालू शकतं. ११०च्या आसपास तिच्यात फारसं काही उरत नाही. मुलीला भेटायला पुण्याला जाताना कराडपासून सगळा चौपदरी-सहापदरी रस्ता आहे, तिथे मोटारी तुम्हाला मागे टाकून जातील, जाऊ द्या. आपल्याकडे जिथे खरा वेग घेता येतो त्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना मुळात परवानगीच नाही. मग ६५०च्या ४७ पीएससाठी पन्नास किलो जास्त ओझं रोज फाटकातून आतबाहेर का करायचं? शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागतो. भाच्याला प्रेमाने सांगा, पण या एका बाबतीत त्याचं ऐकू नका.

चढणीबद्दल एवढं बोललो, पण कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली आधी उतरायचा असतो. कोयनानगर मागे पडलं की रस्ता खाली पोफळीकडे कोसळतो. चढण येते ती परतीला. मला तुमची खरी चिंता वाटते ती या उतरणीवर, आणि तिचं कारण गाडीत नाही, तुमच्या डाव्या हातात आहे. वीस वर्षं तुमचा डावा हात ब्रेक दाबतोय. स्कूटरवर घाबरलं की दोन्ही मुठी आवळायच्या, हे शरीराने पक्कं केलेलं आहे. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच आहे. उतरणीच्या वळणावर समोर अचानक ट्रक आला आणि तुम्ही सवयीने दोन्ही मुठी आवळल्या, तर पुढचा ब्रेक लागेल, पण क्लच दाबला गेल्यामुळे इंजिनचा आवर जाईल आणि मागच्या चाकाला ब्रेकच मिळणार नाही. मागचा ब्रेक तर उजव्या पायाखाली राहिला. चारशे फूट दरीच्या कडेला ही सवय नव्याने लावायची नसते.

म्हणून मीटिओर घेण्याआधी दोन-तीन महिने यजमानांची स्प्लेंडर रोज कॉलेजला न्या. ती ११२ किलोची आहे, पडली तरी धाक वाटत नाही. उजवा पाय ब्रेककडे आपोआप जायला लागला, अचानक थांबताना क्लच शेवटी दाबला जायला लागला, की पुढची पायरी. इतर कुणी स्कूटरवरून थेट मोठ्या मोटरसायकलवर जाणार असतील तर त्यांनीही हे टाळू नये. कितीही वर्षं स्कूटर चालवलेली असो, किंबहुना जितकी जास्त वर्षं तितकं हे गरजेचं.

एकदा ही सवय बसली की उतरणीवर मीटिओर तुमच्या बाजूने आहे. लांब धावेचं एकच सिलिंडर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडीला चांगलं धरून ठेवतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम इथेही पाळा. पुढे ३०० मिलिमीटरची आणि मागे २७० मिलिमीटरची डिस्क आहे, आणि एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना आहे. क्रूझरमध्ये चालवणारा मागच्या बाजूला बसतो, जोडीला मागचा माणूस, त्यामुळे मागच्या चाकावर भार जास्त असतो आणि पाय जोरात दाबला जातो. ओल्या रस्त्यावर मागचं चाक अडकून गाडी आडवी घसरू नये, यासाठी मागचं एबीएस मोलाचं आहे. पायठेवण्या खाली आणि पुढे असल्यामुळे तीव्र वळणावर गाडी फार झुकवली तर त्या रस्त्याला घासतात. तो आवाज आला की समजायचं, वेग जास्त झाला.

आता "आरामाची गाडी" याबद्दल. हा समज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण यात यजमानांची कंबर गुंतलेली आहे. क्रूझरची बैठक अमेरिकेतल्या लांब, सरळ, गुळगुळीत रस्त्यांवर घडली. पाय पुढे, हात वर, अंग मोकळं. अशा रस्त्यावर ती बैठक खरंच सुखाची आहे. पण पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. स्प्लेंडरवर खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठतो आणि धक्का गुडघे गिळतात. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे तसं उठता येत नाही, धक्का थेट मणक्यात जातो. चालवणाऱ्याला निदान खड्डा दिसतो, तो तयारीत असतो. मागच्याला तोही दिसत नाही, आणि तो मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसलेला असतो.

मीटिओरची बैठक त्यातल्या त्यात मवाळ आहे. पायठेवण्या थोड्याच पुढे आहेत, बजाज ॲव्हेंजरसारखं पाय पसरून बसावं लागत नाही. पाच फूट एक इंचाला हे फायद्याचं, कारण ॲव्हेंजरवर पायही लांब आणि हातही लांब. हँडल पूर्ण वळवलं की बाहेरचा हात ताणला जातो का, हे मात्र मीटिओरवरही बसून तपासा. मागे दोन शॉकॲब्सॉर्बर आहेत, सहा टप्प्यांत कडक-मऊ करता येतात. दोघं बसणार असाल तर ते टप्पे वर न्यायला सांगा, नाहीतर मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळतं आणि मागच्याच्या कंबरेत कळ उठते. एकटीने चालवताना पुन्हा खाली. हे बदलायचं हत्यार गाडीच्या टूलकिटमध्ये असतं, पण बहुतेक लोक ते वर्षानुवर्षं बाहेर काढत नाहीत. मागच्या माणसाला पाठ टेकवायची सोय स्टेलर आणि सुपरनोव्हा या प्रकारांत आहे. यजमान बसणार असतील तर फायरबॉलच्या कमी किमतीकडे बघू नका.

तरीही माझा आग्रह आहे की टेस्ट राइडला यजमानांना न्या आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका. अर्धा तास मागा. स्वतः अजून तयार नसाल तर भाच्याला चालवू द्या आणि यजमानांना मागे बसवून खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कंबर काय म्हणते ते ऐका. दुखली, तर चिपळूणची सहल दोघांनी करायचा बेत सोडा. ते एसटीने येतील, तुम्ही गाडीने जा. गाडी घ्यायचा विचार त्यासाठी सोडायचं कारण नाही, कारण पत्र मी दोनदा वाचलं, आणि ही इच्छा तुमची एकटीची आहे. यजमानांचं नाव त्यात नंतर आलं आहे, बहुधा परवानगी सोपी व्हावी म्हणून. ती इच्छा एकटीची म्हणूनच सांगितलीत तरी चालेल.

वडिलांच्या बुलेटचा उल्लेख केलात म्हणून एक विचारते. तुम्हाला हवी आहे ती बुलेट की ही मीटिओर? दिसायला नातं आहे: गोल दिवा, थेंबासारखी टाकी, गोल मीटर. आतून मात्र यंत्र वेगळं आहे. वडिलांच्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. अँपिअरचा काटा बघून, डीकॉम्प्रेशनची कळ दाबून, पिस्टन नेमक्या जागी आणून मग किक मारायची, आणि जागा चुकली की ती उलटी बसायची. मीटिओरला किकच नाही. बटण दाबलं की सुरू, त्यामुळे बॅटरीची काळजी घ्यावी लागते. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या इंजिनात कंपन मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे हाताला मुंग्या येत नाहीत आणि आरसे थरथरत नाहीत. जुनी धडधड मात्र पुष्कळ मवाळ झाली आहे. काही जणांना इथेच चुकल्यासारखं वाटतं. वडिलांच्या गाडीच्या जवळ जायचं असेल तर क्लासिक ३५० किंवा आजची बुलेट ३५० जास्त जवळची, पण त्या दोघींतही हेच नवं इंजिन आहे, आणि क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर, वजन १९५ किलो. तुमच्यासाठी ती मी सुचवणार नाही.

पर्याय म्हणून ॲव्हेंजर २२० क्रूझ एकदा बघा. सीट ७३७ मिलिमीटर, वजन १६३ किलो. पाय पूर्ण टेकतील आणि मीटिओरपेक्षा २८ किलो कमी, हा फरक गल्लीत लगेच जाणवतो. पण मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. रोज कॉलेजला जाणं-येणं हाच मुख्य उपयोग असता तर मी ॲव्हेंजर म्हटलं असतं. तुमच्या मनात कुंभार्ली आहे आणि तोही ओला असू शकतो, म्हणून माझं मत मीटिओरच्या बाजूने पडतं. २०२५च्या बदलांनंतर तिच्यात स्लिप-असिस्ट क्लच आला आहे, डाव्या हाताला तो हलका लागतो. जुनी घेणार असाल तर क्लच दाबून बघा, तुमच्या बोटांना तो रोज झेपायला हवा. टाकी १५ लिटरची, लिटरला ३० ते ३५ किलोमीटर धरा.

ॲक्टिव्हा विकू नका. भाजी, दळण, पावसातली घाई, साडी नेसून जायचे दिवस, यांसाठी ती लागेलच. क्रूझरवर साडीत दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नाही, आणि ओढणी मोकळी सोडून तर मुळीच बसू नका, चेन आणि चाक दोन्ही उघडे असतात. सायलेन्सर उजव्या बाजूला आहे, गाडीवरून उतरताना उजवी पोटरी त्याला लागली तर चांगलं भाजतं. पूर्ण पँट, घोटा झाकणारे आणि घट्ट तळाचे बूट घ्या. गुळगुळीत तळाच्या चपलेने मुरमावर १९१ किलो धरवत नाहीत. बूट थोडे जाड तळाचे घेतलेत तर टाचेचा प्रश्नही थोडा हलका होतो.

आणि लायसन्स आजच काढून बघा. बऱ्याच स्कूटरवाल्या बायकांच्या लायसन्सवर फक्त विनागिअर दुचाकीची नोंद असते. तसं असेल तर स्प्लेंडरलाही हात लावण्याआधी गिअरसह दुचाकीचं शिकाऊ लायसन्स काढावं लागेल. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. त्या नोंदीशिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. सरावाचे महिने आणि शिकाऊ लायसन्सचे महिने एकत्र बसतात, वेगळा वेळ जाणार नाही.

पहिल्यांदा चिपळूणला जाल तेव्हा एकटीने जा, सकाळी लवकर निघा आणि पावसाळा उलटून रस्ते कोरडे झाल्यावरच जा. घाटात जूनपासून धुकं आणि शेवाळ असतं, त्यात नवी गाडी आणि नवी सवय एकत्र नको. दोघांचा प्रवास त्यानंतर, कंबरेची परीक्षा झाल्यावर.